छप्पर बदलण्याचा खर्च नेमका कुठे जातो

आमच्या घराचे छप्पर दोन भागांत आहे. मूळ घरावर दोन्ही बाजूंना उतरणारी मातीच्या कौलांची पाखी आहेत, आणि मागे नंतर वाढवलेल्या खोल्यांवर अगदी कमी उताराचे सिमेंटचे पत्रे होते. गळती दोन्हीकडे होती. दर वर्षी फुटकी कौले बदलून आणि पत्र्यांच्या जोडांत डांबर भरून ती थोपवणे आता शक्य राहिले नव्हते, म्हणून संपूर्ण छप्पर नव्याने करायचे ठरले. कौल घ्यावे की पत्रा, की आणखी काही, या चर्चेत घरात सर्वाधिक वेळ गेला. काम संपल्यावर सगळी बिले एकत्र मांडली, तेव्हा वर दिसणाऱ्या आच्छादनाचा वाटा एकूण खर्चाच्या निम्म्याहूनही बराच कमी असल्याचे दिसले. उरलेला पैसा जुने उतरवणे, लाकूडकाम, कडा आणि जोड, परांची व मजुरी यांत गेला होता. छप्पर बदलू पाहणाऱ्या कोणालाही हा हिशेब आधी कळावा, या हेतूने हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात मोजणीपासून झाली, आणि दरपत्रकांतील पहिला गोंधळही तिथेच होता. मूळ घराचा तळ १० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, म्हणजे ८० चौरस मीटर आहे. छप्पर मात्र भिंतीपाशी थांबत नाही. चारही बाजूंना ६० सेंटीमीटर वळचण धरली की हे माप ११.२ गुणिले ९.२, म्हणजे सुमारे १०३ चौरस मीटर होते. त्यात उताराची भर पडते. ३० अंशांच्या उताराला सपाट मापाच्या १.१५५ पट क्षेत्र लागते, त्यामुळे प्रत्यक्ष आच्छादन सुमारे ११९ चौरस मीटरवर जाते. उतार ४५ अंशांचा असता तर हाच गुणक १.४१४ झाला असता. आमच्याकडे आलेल्या एका ठेकेदाराने तळाच्या मापावर दर लावला होता, दुसऱ्याने वळचणीसह सपाट मापावर आणि तिसऱ्याने उतारावरच्या प्रत्यक्ष क्षेत्रावर. तिसऱ्याचा प्रति चौरस मीटर दर सर्वांत कमी दिसत होता, पण एकूण रक्कम सर्वांत कमी नव्हती. म्हणून आम्ही उतारावरचे माप स्वतः काढून तोच आकडा सर्वांना लेखी दिला आणि त्याच आकड्यावर दर मागितले. कापणीत वाया जाणाऱ्या मालासाठी साध्या दुपाखी छपराला दहा टक्क्यांच्या आसपास वाढ धरतात. छपराला कोन आणि आत मिळणारी पाखी असतील तर ती पंधरा टक्क्यांपर्यंत जाते, कारण प्रत्येक तिरप्या रेषेवर माल कापावा लागतो. गुंतागुंतीचे छप्पर कोणत्याही साहित्यात महाग पडते, त्याचे हे एक कारण आहे.

माप हातात आल्यावर उताराने अर्धे पर्याय आपोआप बाद केले. खाचेच्या मातीच्या कौलांना साधारण २५ ते ३० अंशांचा उतार हवा असतो. त्याहून कमी उतारावर वाऱ्याने ढकललेले पाणी जोडांतून आत येते. डांबरी शिंगल (डांबराचा थर दिलेले पातळ चपटे तुकडे) १८ अंशांच्या पुढे निर्धास्त वापरता येतात, आणि त्याखाली साडेनऊ अंशांपर्यंत चालवायच्या असतील तर खाली जलरोधक थर दुहेरी घालावा लागतो. लांब पन्हाळीचा पत्रा मात्र पाच अंशांच्या आसपासही पाणी नीट उतरवतो. आमच्या मागच्या खोल्यांचा उतार आठ अंशांचा होता. तिथे कौले घालण्याची घरातील थोरांची फार इच्छा होती, परंतु त्यासाठी मागची भिंत उतरवून आणि पुढची उंचावून सगळा सांगाडाच नवा करावा लागला असता. तो खर्च आच्छादनाच्या कितीतरी पुढे गेला असता, म्हणून मागच्या भागासाठी पत्रा हाच निर्णय पक्का झाला आणि खरी तुलना मूळ घरापुरती उरली.

दरपत्रके मागवण्यापूर्वी सांगाडा तपासून घ्यावा, हा माझा सर्वांना आग्रहाचा सल्ला आहे. आम्ही एका अनुभवी सुताराला केवळ तपासणीचे पैसे देऊन बोलावले. त्याने काही कौले काढून वाशांची टोके उघडी केली आणि प्रत्येक टोकात स्क्रूड्रायव्हर रोवून पाहिला. आढ्याजवळचे लाकूड टणक होते, तिथे टोक रुतेना. वळचणीच्या बाजूला, जिथे पन्हळ तुंबून पाणी मागे सरत असे, तिथे ते मुठीपर्यंत आत गेले आणि बाहेर काढताना काळपट ओला भुसा घेऊन आले. भिंतीवरची तुळई, जिच्यावर सगळे वासे टेकतात, ती उत्तरेकडे जवळजवळ संपूर्ण लांबीत कुजलेली होती. खालून पाहताना रंगाच्या थराखाली यातले काहीही दिसत नव्हते. ही तपासणी झाली नसती तर कोणत्याही ठेकेदाराने काम सुरू केल्यावर हे शोधले असते, आणि उघड्या छपराखाली उभे राहून आम्हांला त्याचा दर मान्य करावा लागला असता. तपासणीनंतर किती मीटर तुळई, किती वासे आणि किती रिपा बदलायच्या, याची यादी सर्वांना सारखी देता आली.

याच टप्प्यावर वजनाचा विचार करावा लागतो, कारण वजन म्हणजे लाकूड आणि लाकूड म्हणजे पैसा. मातीच्या कौलांचे छप्पर प्रति चौरस मीटर ४० ते ५० किलो भरते. सिमेंटची कौले त्याच्या आसपास किंवा किंचित जास्त असतात. डांबरी शिंगल १० ते १५ किलोंच्या दरम्यान, आणि अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा जेमतेम पाच किलो. आमच्या ११९ चौरस मीटरवर याचा अर्थ असा, की कौलांचा भार पावणेपाच ते सहा टनांच्या दरम्यान जातो आणि पत्र्याचा सहाशे किलोंत संपतो. जुन्या सांगाड्यावर कौलेच होती, त्यामुळे पुन्हा कौले घालण्यात अडचण नव्हती. पत्र्याचे किंवा शिंगलचे छप्पर बदलून कौले घालायची असतील, तर मात्र अभियंत्याकडून सांगाड्याची क्षमता तपासून घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये. काँक्रीटच्या स्लॅबचा पर्यायही नातेवाइकांनी सुचवला होता. साडेबारा सेंटीमीटर जाडीची स्लॅब प्रति चौरस मीटर तीनशे किलोंहून अधिक भार टाकते. केवळ ८० चौरस मीटर धरले तरी तो २५ टन होतो. जुन्या भिंती आणि त्यांचा पाया एवढ्या भारासाठी बांधलेला नसेल, तर स्लॅबच्या दरात खांब, तुळया आणि पायाचे मजबुतीकरण मिळवावे लागते, आणि मग ते छपराचे काम राहत नाही.

हलके छप्पर म्हणजे सर्व बाजूंनी बचत, हेही तितकेसे खरे नाही. वारा छपराला खाली दाबतो त्याहून अधिक जोराने ते वर उचलतो. ताशी १४४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब प्रति चौरस मीटर सुमारे ९८ किलो भाराइतका होतो, आणि कडा व कोपऱ्यांशी उचल त्याहूनही वाढू शकते. पाच किलोंचा पत्रा स्वतःच्या वजनाने तिथे बसून राहण्याचा प्रश्नच नसतो. म्हणून पत्रा ते पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे आधार), पर्लिन ते कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा) आणि कैची ते भिंत, ही सगळी साखळी स्क्रू, पट्ट्या आणि बोल्टांनी बांधून घ्यावी लागते. एका दरपत्रकात ही बांधणी धरलीच नव्हती आणि त्यामुळे ते आकर्षक दिसत होते. आम्ही विचारल्यावर ते वाढवून मिळाले आणि फरक बराचसा नाहीसा झाला.

मागच्या खोल्यांवरच्या सिमेंटच्या पत्र्यांनी सर्वांत गंभीर प्रश्न उभा केला. ते जुने होते, आणि अशा जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालावे लागते. पत्रा अखंड असेपर्यंत त्यातील तंतू सिमेंटमध्ये बांधलेले असतात. तो फोडला, करवतीने कापला किंवा घासला की ते सूक्ष्म तंतू हवेत येतात, श्वासावाटे फुप्फुसांत जातात आणि पुष्कळ वर्षांनी कर्करोगासह गंभीर आजार निर्माण करू शकतात. अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केलेले आहे, आणि अनेक देशांत त्याच्या वापरावर बंदी आहे. एका ठेकेदाराने हे पत्रे हातोड्याने फोडून खाली टाकू, म्हणजे दोन तासांत काम होईल, असे सांगितले. त्याला तिथेच नकार दिला. त्या खोल्यांत लहान मुले झोपतात, आणि फोडणाऱ्या कामगारांनाही घरी मुले असतात. नमुन्याची तपासणी करून घेतली, त्यात शंका खरी ठरली. मग हे काम जाणणाऱ्यांकडून पत्रे आधी पाण्याने भिजवून, बोल्ट कापून, अखंड उतरवून, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, ठरवून दिलेल्या जागीच विल्हेवाटीसाठी नेले. या एका कामाचा खर्च मागच्या भागाच्या नव्या पत्र्याच्या किमतीजवळ पोहोचला. तरीही संपूर्ण हिशेबात ज्या खर्चाविषयी मनात किंचितही किंतु नाही, असा हाच आहे.

नवा पत्रा घेताना जाडीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. विक्रेते सांगतात ती जाडी बहुधा लेपासह असते. आतील पोलादाची जाडी त्याहून कमी असते, आणि बळ त्या पोलादात असते. ०.५० मिलिमीटर म्हणून आलेल्या दोन पत्र्यांपैकी एकात हा आकडा केवळ पोलादाचा होता आणि दुसऱ्यात जस्त व रंग धरून होता. दर वेगळे का, याचे उत्तर मायक्रोमीटरने दिले. लेपाचेही तसेच आहे. साध्या जस्ताच्या लेपाऐवजी ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि उरलेले मुख्यतः जस्त असलेला मिश्रलेप सर्वसाधारण हवेत अधिक टिकतो. तो किती जाड आहे हे प्रति चौरस मीटर ग्रॅममध्ये लिहिलेले असते, आणि १५० ग्रॅम म्हणजे दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅम. या पत्र्यावर ओला सिमेंटचा गिलावा लागू देऊ नये, कारण त्यातील क्षार लेप खातात. तांब्याच्या पन्हळीचे पाणीही त्यावर येऊ देऊ नये. स्क्रूच्या रबरी वॉशरांचे आयुष्य पत्र्यापेक्षा कमी असते. पंधरा-वीस वर्षांनी सगळे स्क्रू बदलण्याचा खर्च येणार, तो आम्ही आजच वहीत लिहून ठेवला.

पत्र्याची सर्वांत मोठी दडलेली किंमत उष्णता, आवाज आणि घाम यांची आहे. उघडा पत्रा उन्हात तापतो, पावसात खाली बोलणे ऐकू येत नाही, आणि थंड रात्री खोलीतील दमट हवा त्याच्या खालच्या बाजूस ठिबकू लागते. म्हणून उष्णतारोधक थर, बाष्परोधक कागद आणि खाली छत, ही भर राहत्या खोलीत ऐच्छिक मानू नये. ती धरल्यावर आमच्या पत्र्याच्या दरपत्रकात एक तृतीयांशाहून अधिक वाढ झाली. रंग फिका निवडण्याला मात्र काहीच वेगळे पडत नाही, आणि उन्हाचा बराच भाग त्यामुळे परत फेकला जातो.

मूळ घरासाठी आम्ही सर्व पर्याय एकाच मोजपट्टीवर आणले. उतरवणे, लाकूडदुरुस्ती, थर, कडा, मजुरी आणि राडारोड्याची वाहतूक, हे सगळे धरून साध्या रंगीत पत्र्याच्या रकमेला १०० मानले. उष्णतारोधक थर आणि छतासह तोच पत्रा १३५ झाला. डांबरी शिंगल १४० वर गेल्या, कारण शिंगल रिपांवर बसत नाहीत आणि त्यांच्याखाली संपूर्ण पाख्यावर प्लायवूड घालावे लागते. त्या प्लायवूडचीच किंमत शिंगलपेक्षा फार कमी नव्हती. नवी मातीची कौले १५० वर, आणि जुन्यातील चांगली निवडून पुन्हा वापरली तर ११८ वर. दगडी पाट्यांचा आकडा तीनशेच्या पुढे होता, कारण माल महाग आणि ते काम जाणणारे कारागीर थोडे. हे प्रमाण आमच्या घरापुरते आहे. दुसऱ्या घरी ते नक्कीच बदलेल, पण मोजण्याची रीत तीच ठेवता येईल.

यानंतर हे आकडे आयुष्याने भागले आणि क्रम बदलला. डांबरी शिंगल १५ ते ३० वर्षे टिकतात. २५ धरली तर वर्षाला ५.६ पडले. चांगल्या लेपाचा पत्रा ४० वर्षे धरला, मधल्या स्क्रूबदलाचे आणि एकदा रंग देण्याचे मिळून २५ मिळवले, तर १६० भागिले ४०, म्हणजे ४. मातीची कौले पन्नास ते शंभर वर्षे जातात. त्यांचे आयुष्य ६० धरून, मध्ये एकदा रिपा आणि खालचा जलरोधक कागद बदलण्याचे ४० मिळवले, तरी नव्या कौलांना वर्षाला सव्वातीनच्या आत पडते. दगडी पाट्या शंभर वर्षे सहज काढतात आणि त्यांचाही आकडा तीनच्या आसपासच येतो. ज्याला त्या घरात दहाच वर्षे राहायचे आहे किंवा ज्याला आज कर्ज काढूनच काम करावे लागणार आहे, त्याने हा भागाकार जसाच्या तसा घेऊ नये. आज द्यावयाच्या पैशावर व्याज पडते, आणि शंभर वर्षांचा लाभ दुसऱ्या कोणाला तरी मिळतो. छपरावर सौर पॅनेल बसवायचे असतील तर मात्र छपराचे उरलेले आयुष्य पंचवीस वर्षांहून कमी नसावे, नाहीतर मध्येच सगळे पॅनेल उतरवून पुन्हा चढवण्याची मजुरी भरावी लागते.

आम्ही जुनी कौले निवडून वापरण्याचा मार्ग घेतला. उतरवलेले प्रत्येक कौल सुताराच्या सोबत्याने एका हातात लोंबते धरून दुसऱ्या हातातील लोखंडी सळईने हलकेच ठोकले. अखंड कौल खणकन वाजते, बारीक तडा गेलेले बद्द आवाज देते. तडा डोळ्यांना दिसत नसला तरी कान फसत नाही. ठोकून झालेले कौल ब्रशने घासून, त्याची खाच आणि खालचे नाक शाबूत आहे हे पाहून रचले जाई. सुमारे दोन तृतीयांश कौले अशी निघाली. उरलेल्यांसाठी नवी आणली, पण नवी आणि जुनी एकाच ओळीत मिसळली नाहीत. दोघांच्या खाचेत किंचित फरक असतो आणि मिसळली की बैठक बिघडते, म्हणून मागचे पाखे जुन्याच कौलांचे झाले, पुढच्या पाख्याचा वरचा भागही जुन्यांचा ठेवला आणि नव्यांचे पट्टे वळचणीकडे सलग लावले. निवडीची मजुरी पुष्कळ लागली. ती धरूनही नव्या कौलांच्या तुलनेत एक पंचमांशाहून अधिक बचत झाली, आणि राडारोडा वाहून नेण्याचा खर्च तर जवळजवळ उरलाच नाही.

कडा आणि जोडांवर आम्ही मुद्दाम हात सैल सोडला. छप्पर गळते ते बहुधा पाख्याच्या मध्यभागी गळत नाही; धुराड्याभोवती, भिंतीला टेकते तिथे, आढ्यावर आणि दोन पाखी आत मिळतात त्या पन्हळीत गळते. दरपत्रकात हे सर्व «फ्लॅशिंग व इतर» (फ्लॅशिंग म्हणजे जोडांवर बसवायच्या धातूच्या पट्ट्या) अशा एका ओळीत होते. ती ओळ फोडून प्रत्येक जागेची लांबी, धातू आणि जाडी लिहून मागितली, तेव्हा दोन ठेकेदारांतला फरक स्पष्ट झाला. एक जण भिंतीच्या जोडावर केवळ सिमेंट थापणार होता आणि दुसरा भिंतीत खाच पाडून धातूची पट्टी आत वळवणार होता. सिमेंट दोन-तीन उन्हाळ्यांत भेगाळते. दुसऱ्याला काम दिले.

अंदाजपत्रकाच्या पंधरा टक्के रक्कम आम्ही कोणालाही न सांगता बाजूला ठेवली होती. तिच्यातील बराचसा भाग धुराड्याच्या विटा नव्याने रचण्यात आणि आढ्याखाली हवा खेळण्यासाठी केलेल्या फटीच्या कामात लागला. ठेकेदाराचा दहावा हिस्सा पहिला जोराचा पाऊस पडून जाईपर्यंत राखून ठेवण्याचे करारात लिहिले होते. त्या पावसानंतर आम्ही बॅटरी घेऊन माळ्यावर चढलो, तेव्हा धुराड्याच्या डाव्या बाजूला वाशावर बोटभर ओल दिसली. पट्टीचा एक कोपरा नीट दुमडलेला नव्हता. ठेकेदाराने तो येऊन दुमडून दिला, पुढच्या पावसात तिथे हात लावून कोरडे असल्याची खात्री केली, आणि मग त्याची उरलेली रक्कम चुकती केली. आता खर्चाच्या वहीत दर वर्षी पन्हळी साफ करण्याची मजुरी आणि काही सुटी कौले विकत घेऊन ठेवण्याची रक्कम एवढीच दोन कलमे राहिली आहेत.